आधी आवाज, मग चित्र

पैठण रोडवरच्या सोसायटीत सामन्याचं चित्र शेवटच्या चेंडूपर्यंत एकदाही अडकलं नाही, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कामगिरी. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. सामन्याच्याच संध्याकाळी मी माझ्या बहिणीचं लग्न ठरवलं. दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून, एकाच वेळी केली. पहिलं चांगलं झालं.

बहीण म्हणजे अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी. आमची वस्ती चितेगावच्या पुढं, रस्ता सोडून आत. मेंढरं हा आमचा धंदा. लहानपणी आम्ही दोघं दिवसभर मेंढरांमागं असायचो, आणि मेंढरांमागं बोलायला दुसरं कोण असतं? म्हणून आम्ही हातांची भाषा केली. शहरात मुक्याबहिऱ्यांच्या शाळा असतात, तिथं अशी भाषा रीतसर शिकवतात, हे आम्हाला कुठं ठाऊक. आमची आपली रानातली. मनगटावर दोन बोटं नाचवली की कोकरू. पालथा तळवा गळ्यावरून फिरवला की पाणी संपलं. वेरूळला एकदा जत्रेला नेलं होतं आबांनी, तेव्हापासून मुठीवर बोट ठोकलं की वेरूळ, कोरलेला डोंगर. माझ्या हनुवटीवर एडक्याच्या शिंगाची खूण आहे. अक्काच्या भाषेत माझं नाव म्हणजे हनुवटीवर टेकवलेलं बोट.

भांडणात मात्र तीच जिंकायची. तुम्हाआम्हाला कुणाचं ऐकायचं नसलं तरी कान मिटता येत नाहीत. अक्का सरळ डोळे मिटून घ्यायची. मग मी समोर कितीही हात नाचवले तरी फुकट. एवढा मोठा घोडा, आणि मिटल्या डोळ्यांपुढं हातवारे करत उभा. राग उतरला की ती एक डोळा किलकिला करून बघायची, मी दमलोय का. दमलेलो असलो की हसायची.

मायला तिच्या हातांतलं जेवण, पाणी, झोप, दुखतंय एवढंच कळायचं. आबांना तेवढंही धड नाही. प्रेम नव्हतं असं नाही, पण मोठी माणसं मेंढरं-बाजार-पाणी यातच बेजार, शिकणार कधी? मोठं काही विचारायचं असलं की दोघं माझ्याकडं बोट करायचे. "त्याला येऊ द्या, त्यो इचारंल." अक्काचा दात काढायचा होता तेव्हा मी विचारलं. तिला शाळा नको की शाळेला ती नको, हेही मास्तर आणि ती यांच्यामध्ये उभं राहून मीच विचारलं. मी सातवीत असल्यापासून हे माझं काम, आणि मला त्याची मिजास होती.

पुढं मी डिप्लोमा केला आणि शहरात एका छोट्या इंटरनेट कंपनीत लागलो. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे सगळे. दुष्काळाचे दिवस. लागोपाठ पावसाळे कोरडे गेलेले. वस्तीवर टँकर यायचा तेव्हा हंडे आदल्या दिवशीपासून रांगेत लावलेले असायचे. मी हर्सूलला एका खोलीत राहायचो, तिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. आणि नेमकं याच दिवसांत शहर सुटल्यासारखं वाढत होतं. रस्ता नाही तिथं इमारत, पाणी नाही तिथं इमारत. राहायला येणाऱ्याला टँकर चालायचा, पण नेट मात्र पहिल्या दिवसापासून पाहिजे. पैठण रोडवर जी मोठी सोसायटी झाली, त्या रानात आमची मेंढरं बसलेली आहेत. लेंडीखतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो. जिथं आबांनी मेंढरांभोवती वाघरीचं जाळं लावलं होतं, तिथं आता क्लबहाऊस होतं. मी तिथं वायर ओढायला गेलो तेव्हा वॉचमनला हे सांगितलं. तो म्हणाला, चप्पल बाहेर काढा.

सोसायटीच्या चेअरमनला क्लबहाऊसमध्ये मोठा पडदा लावून सामना दाखवायचा होता. आमच्या साहेबांनी छातीठोकपणे लिहून दिलं, चित्र अडकणार नाही, गॅरंटी. लिहून दिलं साहेबांनी, निस्तरायचं मला.

अडचण अशी की शहरातून त्या बाजूला जाणारी आमची लिंक एकच, या टॉवरवरून त्या टॉवरवर. तिच्यावर ती सोसायटी, पुढं चितेगावचे कारखाने, कामगारांच्या खोल्या, आणि अगदी शेपटाला आमची वस्ती. वस्तीवर कनेक्शन मीच नेलं होतं. स्टाफचं म्हणून मिळालं. अक्कासाठीच नेलं. तिला फोन घेऊन दिला आणि शहरातून पहिला व्हिडिओ कॉल लावला. काचेत माझे हात हलताना बघून तिनं फोन उलटा केला, मागं मी लपलोय का ते बघायला. नंतर रोज संध्याकाळी आमच्या गप्पा. कोणती मेंढी व्याली, कुणाची टँकरवर मारामारी झाली, माय कुणाला काय बोलली. हातांनी चहाडी करायला जी मजा आहे ती तोंडानं नाही.

व्हिडिओ पोचवणं म्हणजे काय, तर चित्राचे बारीक तुकडे करून पाठवायचे. त्यांना आम्ही पाकिटं म्हणतो. पाकिटं ओळीनं आणि वेळेत पोचली की चित्र हलतं. उशीर झाला की ते गोल चक्कर फिरत बसतं आणि गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालतं. मी दोन गोष्टी केल्या. सामना दोनशे घरांत बघतात म्हणून दोनशे वेळा पाठवायचा नाही. एकदाच सोसायटीच्या दारापर्यंत न्यायचा आणि तिथल्या पेटीतून घरोघर फाटे फोडायचे. हे काम मी झकास केलं, त्याची मला आजही लाज नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नियम. लिंकवर गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं आणि कुणाला थांबवून धरायचं. सामन्याला राखीव वाट. बाकीचे सगळे उरलेल्या वाटेत. आणि त्या बाकीच्यांतलं कुणी व्हिडिओ कॉलवर असेल, तर आधी आवाज, मग चित्र.

यात माझी हुशारी काही नाही, सगळीकडं असंच करतात. आवाजाची पाकिटं लहान, पटकन निघून जातात. चित्र जाडजूड, वाट अडवतं. आणि माणसाला आवाज मिळाला की तो कुरकुर करत नाही. समोरचा चेहरा थिजला तरी "हां बोल, ऐकू येतंय" म्हणून चालवून घेतो. पुस्तकांत हे लिहिणाऱ्यांना मुकी बहीण नसेल. मला होती. ज्या हातांनी मी तिच्याशी बोलायचो त्याच हातांनी तो नियम टाईप केला, आणि ती एकदाही मनात आली नाही. हे कसं झालं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, ऑफिसात बसलो की मी मेंढरांमागचा राहायचोच नाही. साहेबांसारखा विचार करायचो.

सामन्याच्या आठ दिवस आधी मामानं अक्कासाठी स्थळ आणलं. वेरूळच्या पुढं, डोंगराच्या अंगाला गाव. माणसाची पहिली बायको वारलेली, थोडं रान, बकऱ्या, म्हातारी आई. मामा म्हणाला, "मुकी पोर करून घ्यायला कोण तयार हाय आजकाल? हे तयार हायती." आबा कळप घेऊन दोन जिल्हे पलीकडं निघायचे होते, इकडं चारा उरलाच नव्हता. माय त्यांच्याबरोबर जाणार. यंदाचं चालणं लांबचं आणि उन्हाचं, वाटेत पाणी कुठं मिळेल याचा भरवसा नाही, अक्काला त्यात ओढायचं नव्हतं. पण आबा हट्टी. "तिला इचारल्याबिगर मी सुपारी फोडीत नाय," म्हणाले. मला फोन केला. "तू ये अन इचार. अन घर बी बघून ये."

आमच्यात रीत आहे. सोयरीक जुळायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी जाऊन घर बघून येतं. चहा घेतो, रान बघतो, माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघतो. आबांना मेंढरं सोडून हलता येत नव्हतं. मामा मधला माणूस, मधल्याचं बघणं धरत नाहीत. उरलो मी. हर्सूलहून वेरूळ काही परदेश नाही, मोटरसायकलवर तासाभराचं काम. वस्ती तर त्याहून जवळ. मी म्हणालो, "सामना होऊ द्या, मग येतो." आबा म्हणाले, "तवर पाहुणे थांबतेत व्हय?" मी म्हणालो, "मग फोनवर विचारतो की. ते काय अवघड आहे."

सामन्याच्या दिवशी चार वाजता मी नियम चालू केला. संध्याकाळपर्यंत लिंक तुडुंब भरली, पण सोसायटीतलं चित्र लोण्यासारखं चाललेलं. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे, कानाला फोन, पलीकडं चेअरमन. शेवटची दोन षटकं उरली होती. वस्तीवरून मामाचा तिसऱ्यांदा फोन आला, "अरे इचारलं का न्हाय? पाहुणे उठायला लागले." मी म्हणालो, दोन मिनिटं, आणि अक्काला व्हिडिओ कॉल लावला.

ती दारापुढं बसली होती. अजून उजेड होता, मागं हंड्यांची रांग. मी फोन स्क्रीनला टेकवून ठेवला आणि विचारलं. मंगळसूत्राची खूण, मुठीवर बोट, माणूस, बायको मेलेली, बकऱ्या, म्हातारी. जाशील का? कॉल नुकताच लागला होता, माझे हात तिला दिसले. तिनं सगळं नीट बघितलं. थोडा वेळ खाली बघत राहिली. मग ओढणी सारखी केली, माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीवर बोट टेकवलं. माझं नाव घेतलं तिनं. तिथंच चित्र थिजलं.

आवाज मात्र खणखणीत. मेंढरांचं बें बें, मायचा खोकला, कुणीतरी हंडा आपटला तो. आणि बांगड्या. अक्काच्या हातांत काचेच्या बांगड्या असतात. ती बोलायला लागली की त्या वाजतात. थिजलेल्या चित्रात तिचं बोट हनुवटीवर, आणि कानांत बांगड्या भरभर वाजतायत. मग थांबल्या. मग पुन्हा, सावकाश, एकेक शब्द समजावून सांगावा तशा. दीड-दोन मिनिटं बोलली असेल. मला सगळं ऐकू आलं आणि काहीच कळलं नाही.

का अडकलं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. समोरच्या स्क्रीनवर एक ओळ होती. ती दोन मिनिटं काढून ठेवली असती तर अक्काचे हात हलले असते, आणि क्लबहाऊसमधला सामना फार तर चार-दोनदा गचकला असता. माझं बोट तिथंवर गेलं होतं. मागून साहेब म्हणाले, "अब कुछ छेड़ो नक्को मियाँ, मस्त चल रा." मी बोट मागं घेतलं.

साहेबांवर ढकलणं सोपं आहे, आणि बरीच वर्षं मी तेच केलं. खरं सांगायचं तर मला "हो" हवं होतं. ती नको म्हणाली असती तर आबा आणि माय गेल्यावर ती माझ्याकडं येणार होती, हर्सूलच्या त्या खोलीत. दोन ड्रम पाणी आठवडाभर पुरवायचं, त्यात आणखी एक माणूस. शिवाय माझ्या स्वतःच्या लग्नाचं चाललेलं. मुलीकडचे विचारायचे, घरात कोण कोण असतं? चित्र अडकल्यामुळं मला तिचं "नाही" बघावं लागणार नव्हतं. माझी सोय झाली. हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

चित्र परत आलं तेव्हा अक्काचे हात मांडीवर होते. भुवया उंचावून माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत. आपल्यापुढं मी थिजलो होतो हे तिला कळलंच नसणार. ऐकणारा माणूस तसाही गप्पच बसलेला असतो. पुन्हा सांग, एवढं म्हणायला एक बोट फिरवायचं होतं. मी मान हलवली. तीही मान हलवून हसली. मी कॉल बंद केला आणि मामाला सांगितलं, "हो म्हणाली."

आबांनी फोन घेतला. "समदं नीट समजावून इचारलंस ना?"

"व्हय."

"अन घर?"

"मामांनी बघितलंय की, आबा. चांगलं आहे म्हणतात."

आबा म्हणाले, "बरं. तिनं व्हय म्हणलं म्हंजे झालं." इकडं शेवटचा चेंडू पडला आणि ऑफिसात टाळ्या वाजल्या.

लग्न अकराव्या दिवशी झालं. पाण्याचा टँकर विकत आणला आणि चार माणसांत उरकलं. नवरदेवाला मी मांडवातच पहिल्यांदा बघितलं. सासरी जाताना पोरी रडतात, माय रडली, मीसुद्धा रडलो. अक्का रडली नाही. निर्धास्त चेहऱ्यानं जीपमध्ये चढली. मी मनात म्हणालो, बघ, उगाच जिवाला लावून घेतलंस, खूश आहे ती.

पंचमीला तिला आणायला गेलो तेव्हा ते घर बघितलं. पाच मिनिटं पुरली. दाजी अंगणात बसले होते, अक्का पाठमोरी भांडी घासत होती. दाजींना पाणी हवं होतं. त्यांनी एक खडा उचलून तिच्या पाठीवर मारला. जोरात नाही, बकरी वळवायला मारतात तसा. ती वळली, त्यांनी अंगठा तोंडाला लावला, तिनं पाणी दिलं. तिचा दुसरा हात काही सांगायला उठला होता, तोवर दाजींनी मान फिरवली होती. म्हातारी सासू माझ्याशी चांगलं बोलली, "कामाला लई चांगली हाय तुमची बहीण," म्हणाली. मारझोड नव्हती, उपास नव्हते, दाजींना दारूही नव्हती. फक्त त्या घरात अक्काच्या हातांकडं कुणी बघत नव्हतं. मी दिलेला फोन ट्रंकेत होता. दाजी म्हणाले, "बोलता येत नाय तिला, फोन काय करायचाय?" मी हसलो. काय सांगू, खरंच हसलो, पाहुण्याच्या घरी हसतात तसा.

वस्तीवर परत येताना ती मोटरसायकलवर माझ्यामागं बसली होती. बांगड्या वाजत नव्हत्या. पूर्वी अक्का मागं बसली की माझ्या पाठीवर बोटांनी टकटक करून, मग हात पुढं काढून काहीतरी दाखवायची, तो बघ मोर, तो बघ पडलेला ट्रक. त्या दिवशी सबंध रस्ता हात मांडीवर.

त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात एक माणूस आला. चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. काउंटरवर त्यानं वहीचा कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, "संध्याकाळी बायकोशी बोलता येत नाही. ती माहेरी आहे. मी आणि ती दोघे बहिरे." साहेबांनी वाचलं आणि मला म्हणाले, "तक्रारींचे फोन तर बंद झालेत, मग हा कुठून आला?" मी म्हणालो, "साहेब, हे फोन कसा करतील?" साहेबांना ते मजेशीर वाटलं. मला वाटलं नाही. तक्रार नाही म्हणजे दुखणं नाही, या हिशोबावर आम्ही पेढे खाल्ले होते. सामन्यापासून तो नियम तसाच चालू होता, मी त्याच दिवशी तो बदलला. चालू कॉलमधलं चित्र आवाजाच्या बरोबरीनं सोडायचं, आणि राखीव वाटेतून थोडी जागा काढून त्याला द्यायची. सोसायटीच्या चेअरमनचे दोन कडक फोन आले, साहेब माझ्यावर भडकले, मी ऐकून घेतलं. तो माणूस पुन्हा आला आणि त्यानं माझा हात दाबला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

दाजींना मी काही बोललो नाही. आबांना काही बोललो नाही. आबा तर शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, "माझ्या लेकीला इचारून दिलं मी, तिच्या मनाइरुद्ध नाय दिलं." ते गेले तेव्हा हे समाधान बरोबर घेऊन गेले. मी त्यांच्या उशाशीच बसलो होतो.

अक्काला मुलगी झाली. ऐकू येणारी, बडबडी. अक्कानं तिला पाळण्यातच हात शिकवले. आता सहा वर्षांची आहे, आणि तोंडानं बोलते त्यापेक्षा भरभर हातांनी बोलते. बापाला पाणी हवं असलं की ती मध्येच उठते, त्यामुळं खडे थांबले. ट्रंकेतला फोनही तिनंच काढला. मीही आता शहरात फ्लॅट घेतलाय, शहराचं नाव बदललं, पाणी अजून आठवड्यालाच येतं.

या दिवाळीला मायलेकी माझ्याकडं राहायला आल्या होत्या. पाण्याचा दिवस होता, दुपारी आम्ही सगळी भांडी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवले. दमून गॅलरीत बसलो. भाची माझा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल करून चिडवत बसली. भिंतीपल्याड बसून दोघी हातांनी बोलत होत्या आणि चित्र कुठं अडकत नव्हतं. अक्का हसत होती, बांगड्या वाजत होत्या. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मला राहवलं नाही. भाची बाहेर आल्यावर मी अक्काला विचारलं. लग्नाचं विचारलं होतं मी फोनवर, आठवतं? त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस?

ती चकित झाली. तुला ठाऊक नाही? मग तिनं हनुवटीवर बोट टेकवलं, नेमकं तसंच, आणि या वेळी पुढचंही दिसलं. तू जा. स्वतः जा. मामाचं नको. त्या घरात कुणी माझ्या हातांकडं बघेल का, एवढंच बघून ये. बघणारं असेल तर मी जाते. नसेल तर मला तुझ्याकडं ने. एका कोपऱ्यात राहीन, पाणी कमी वापरीन.

पाणी कमी वापरीन, हे तिनं दोनदा सांगितलं. तेव्हाही दोनदाच सांगितलं असणार, त्या सावकाश वाजलेल्या बांगड्यांत.

तीच पुढं सांगू लागली. तू मान हलवलीस. नंतर लग्न ठरलं. म्हणजे तू बघून आलास. मग मला कसली फिकीर? मग म्हणाली, तू गेलास त्या दिवशी ते बघत असतील. नंतर माझंच काहीतरी चुकलं. मी फार बोलते म्हणून कंटाळले असतील. म्हणून मी हात कमी केले.

सात वर्षं ती हे स्वतःला सांगत होती. मी मान हलवून गप्प बसलो असतो तर तिनं तेही मानलं असतं. पण तिचं काहीतरी चुकलं, हे तिच्या हातांतून बघितल्यावर मला ते गिळता येईना. मी सांगितलं. मी गेलो नव्हतो. त्या दिवशी मला तुझे हात दिसलेच नाहीत, चित्र अडकलं होतं, मीच अडकवलं होतं. न बघताच मी सगळ्यांना सांगितलं, हो म्हणाली. तुझं काही चुकलं नाही.

अक्कानं शेवटपर्यंत बघितलं. माझ्या हातांकडं, मग माझ्या तोंडाकडं. मग तिनं डोळे मिटून घेतले.

मी हात हलवत राहिलो. चुकलो म्हणालो, माफ कर म्हणालो, तुझ्यासाठी खोली आहे म्हणालो, दोघी इथंच राहा म्हणालो. ती एक डोळा किलकिला करून बघेल, याची वाट बघत मी किती वेळ हात हलवले मला माहीत नाही. खांदे भरून आले. शेवटी भाचीनं माझं मनगट धरलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "आई बघत नाय."